सुनाम ते पेंटनविल, आणि पुन्हा सुनाम

1974 च्या जुलै महिन्यात लंडनहून आलेली एक शवपेटिका दिल्लीच्या विमानतळावर उतरवण्यात आली. लंडनच्या पेंटनविल तुरुंगाच्या आवारात 34 वर्षे पुरलेले अवशेष तिच्यात होते. ते स्वीकारण्यासाठी काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष शंकर दयाळ शर्मा आणि पंजाबचे मुख्यमंत्री झैलसिंग उपस्थित होते. पुढे हे दोघेही देशाचे राष्ट्रपती झाले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पुष्पचक्र अर्पण केले. त्यानंतर पंजाबातल्या रस्त्यांच्या दुतर्फा लोटलेल्या गर्दीतून ही पेटिका सुनाम या लहानशा गावी पोहोचली. ज्या गावाने त्या माणसाला जन्म दिला होता, पण त्याचे बालपण ज्याला सांभाळता आले नव्हते, त्याच गावात अखेर त्याच्यावर अग्निसंस्कार झाले.

हे अवशेष उधमसिंग यांचे होते. जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या वेळी पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेले सर मायकेल ओडवायर यांना त्यांनी 13 मार्च 1940 रोजी लंडनमध्ये गोळ्या घालून ठार केले. त्यांचे नाव आज देशभर परिचित आहे. मात्र या परिचयात काही गोष्टी मुळीच नेमक्या नाहीत. त्यांनी जनरल डायरला मारले, असे मानणारे आजही पुष्कळ भेटतात. वस्तुतः बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर 1927 मध्येच इंग्लंडमध्ये आजारपणाने मरण पावला होता. ओडवायर आणि डायर या नावांतील उच्चारसाम्याने लोकस्मृतीत दोन माणसांचा एक माणूस करून टाकला. उधमसिंग यांच्या आयुष्याविषयी असे घोटाळे वारंवार आढळतात, आणि त्यांची कारणे पाहू गेल्यास एका समाजाने आपले दुःख कसे जपले याचाही उलगडा होत जातो.

उधमसिंग यांचा जन्म 26 डिसेंबर 1899 रोजी तेव्हाच्या पतियाळा संस्थानातील सुनाम येथे झाला. त्यांचे मूळ नाव शेरसिंग. वडील टहलसिंग हे रेल्वेच्या फाटकावर पहारेकरी होते. मुलगा दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच आई गेली आणि 1907 मध्ये वडिलांचेही निधन झाले. शेरसिंग आणि त्याचा थोरला भाऊ मुक्तासिंग यांना अमृतसरच्या पुतळीघर भागातील सेंट्रल खालसा अनाथालयात ठेवण्यात आले. तेथे दोघांना नवी नावे मिळाली. धाकट्याचा उधमसिंग झाला आणि थोरल्याचा साधुसिंग. दहा वर्षांनी साधुसिंगही वारला. अनाथालयातील उधमसिंगांची खोली आज त्यांच्या स्मृतीसाठी राखून ठेवलेली आहे. माणसाच्या घराचे स्मारक होणे नेहमीचेच; ज्याला घर नव्हते त्याच्या अनाथालयातील खोलीचे स्मारक व्हावे, हे मात्र क्वचित घडते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ब्रिटिश लष्करातर्फे मेसोपोटेमियात अंगमेहनतीची कामे करीत होते, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. युद्ध संपल्यावर ते पंजाबात परतले, तेव्हा तो प्रांत आतून धुमसत होता. सैन्यभरतीची सक्ती, महागाई आणि युद्धवर्गणीची वसुली यांनी लोक गांजले होते, आणि त्यातच रौलट कायदा आला. 10 एप्रिल 1919 रोजी डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल या अमृतसरच्या दोन नेत्यांना शहराबाहेर नेण्यात आले. त्यांच्या सुटकेची मागणी करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला. मग जाळपोळ झाली आणि तीत काही युरोपीयही मारले गेले.

13 एप्रिलला बैसाखी होती. जालियनवाला बाग हे नावापुरतेच उद्यान होते. प्रत्यक्षात चहूबाजूंनी घरांच्या मागच्या भिंतींनी वेढलेली ती एक मोकळी जागा होती. तेथे हजारो लोक जमले होते. काही सभेसाठी आले होते, काही सणाच्या निमित्ताने शहरात आलेले खेडूत होते. अरुंद बोळातून डायर 50 बंदूकधारी शिपाई घेऊन आत आला आणि कोणतीही सूचना न देता त्याने गोळीबार सुरू केला. सुमारे दहा मिनिटांत 1,650 गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारच्या हंटर समितीने मृतांचा आकडा 379 दिला. काँग्रेसच्या चौकशी समितीने तो हजाराच्या घरात असल्याचे नमूद केले. त्या रात्री शहरात संचारबंदी होती. त्यामुळे जखमींना उचलण्यासाठी कोणी जाऊ शकले नाही.

त्या सायंकाळी उधमसिंग स्वतः बागेत होते काय, यावर अभ्यासकांत एकमत नाही. परंपरा सांगते की अनाथालयातील मुलांबरोबर ते सभेतील लोकांना पाणी पाजत होते आणि नंतर रक्ताने भिजलेली माती मुठीत घेऊन त्यांनी सूडाची शपथ वाहिली. याला त्या काळच्या कागदपत्रांत निर्णायक आधार सापडलेला नाही. पण आख्यायिकेचे मूळ समजण्यासारखे आहे. ज्या शहराला आपल्या मृतांचा शोकही मोकळेपणाने करता आला नाही, त्याला साक्षीदार हवा होता. पुढे जो माणूस लंडनमध्ये ओडवायरसमोर उभा राहिला, तो आधी बागेतही असलाच पाहिजे, असे लोकांना वाटणे स्वाभाविक होते.

हत्याकांडानंतरच्या काही महिन्यांत पंजाबवर लष्करी कायद्याचा अंमल होता. अमृतसरच्या एका गल्लीत, जेथे एका इंग्रज मिशनरी स्त्रीवर हल्ला झाला होता, तेथून जाणाऱ्या भारतीयांना पोटावर सरपटत जाण्याचा हुकूम डायरने काढला होता. गुजरांवाला येथे विमानांतून बाँब टाकण्यात आले. ओडवायर यांनी डायरच्या कृतीला मान्यता दिली आणि पुढेही ते तिचे समर्थन करीत राहिले. 1924 मध्ये त्यांनी सर चेत्तूर शंकरन नायर यांच्यावर लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि तो जिंकलाही. नायर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते आणि पंजाबातील अत्याचारांच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला होता. त्यांना 500 पौंडांची भरपाई द्यावी लागली.

1920 साली दोन देशांत दोन निधी गोळा होत होते. डायरला सेवेतून दूर करण्यात आल्यावर लंडनमधील मॉर्निंग पोस्ट या वृत्तपत्राने त्याच्यासाठी वर्गणी सुरू केली आणि 26,000 पौंडांहून अधिक रक्कम जमली. लॉर्ड्स सभागृहाने त्याच्या बाजूने ठरावही संमत केला. इकडे भारतात बागेची जमीन विकत घेण्यासाठी पैसे उभे केले जात होते. 1919 च्या डिसेंबरात मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली अमृतसरलाच काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, आणि ही जागा राष्ट्राच्या मालकीची व्हावी, असे तेथे ठरले. गोळीबाराच्या दिवशी बागेत असलेले मूळचे बंगालचे डॉक्टर षष्ठीचरण मुखर्जी यांनी या कामासाठी स्वतःला वाहून घेतले. निधी पुरा झाला नाही तर आपला आश्रम विकून भर घालण्याची तयारी महात्मा गांधींनी दाखवली होती. सुमारे साडेपाच लाख रुपयांना जागा खरेदी झाली. देशातील सामान्य माणसांच्या वर्गणीतून उभे राहिलेले हे बहुधा पहिलेच मोठे शोकस्मारक; मात्र पारतंत्र्य होते तोवर तेथे जमिनीपलीकडे फारसे काही उभे राहू शकले नाही. मारणाऱ्याचा गौरवनिधी हाती पडायला काही महिने पुरले आणि मेलेल्यांच्या स्मारकाला चार दशके लागली, याची नोंद येथे करावीच लागेल.

या काळात उधमसिंग देशाबाहेर होते. पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या कामावर आणि मग अमेरिकेत कॅलिफोर्नियासह अनेक ठिकाणी त्यांनी मजुरी केली. फ्रँक ब्राझील या नावानेही ते तेथे वावरले. गदर पक्षाशी त्यांचा संबंध आला तो याच काळात. शेतमळ्यांवर आणि कारखान्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांनी उभारलेल्या या चळवळीने त्यांच्या वैयक्तिक रागाला राजकीय दिशा दिली असावी. 1927 मध्ये ते भारतात परतले. त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस अमृतसरमध्ये विनापरवाना शस्त्रे आणि गदर पक्षाचे बंदी असलेले साहित्य बाळगल्याबद्दल त्यांना अटक होऊन पाच वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना फाशी झाली. भगतसिंगांना उधमसिंग गुरू मानत. वयाने मात्र ते भगतसिंगांपेक्षा सुमारे आठ वर्षांनी मोठे होते.

1931 मध्ये सुटल्यावर पोलिसांची पाळत चुकवून ते युरोपात गेले आणि 1934 च्या सुमारास लंडनमध्ये स्थिरावले. येथील त्यांचे जीवन स्मारकांवरील मजकुरात सहसा येत नाही, आणि ते न येणे ही उणीवच म्हणावी लागेल. त्यांनी फेरीवाल्याचे काम केले, सुतारकी केली, विजेची कामे केली. चित्रपट निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांच्या चित्रपटांत गर्दीतला एक माणूस म्हणूनही ते उभे राहिले. इंग्लंडमधील पंजाबी कामगारांच्या संघटनेशी त्यांचा संबंध होता. ते बोलके, खर्चिक आणि हसतमुख होते, अशा आठवणी त्यांना ओळखणाऱ्यांनी सांगून ठेवल्या आहेत. 21 वर्षे एकच ध्यास उरी बाळगून, दात-ओठ खात फिरणारा तपस्वी ही प्रतिमा त्यांना पूर्णपणे लागू होत नाही. ते एक भटके, कष्टाळू, नावे आणि व्यवसाय बदलत जगणारे गृहस्थ होते. ओडवायर इंग्लंडमध्ये उघडपणे वावरत असताना सहा वर्षे त्यांनी काही केले नाही, हेही तितकेच खरे आहे.

13 मार्च 1940 रोजी वेस्टमिन्स्टरमधील कॅक्स्टन हॉलमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन आणि रॉयल सेंट्रल एशियन सोसायटी यांची संयुक्त सभा होती. विषय अफगाणिस्तानचा होता. सभा संपून लोक उठू लागले तोच उधमसिंग पुढे सरसावले आणि त्यांनी रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडल्या. ओडवायर जागीच मरण पावले. भारतमंत्री लॉर्ड झेटलंड, लॉर्ड लॅमिंग्टन आणि पंजाबचे आणखी एक माजी लेफ्टनंट गव्हर्नर सर लुई डेन जखमी झाले. काडतुसे त्या रिव्हॉल्व्हरला नीट बसणारी नव्हती. हे तिघे बचावले त्याचे ते एक कारण मानले जाते. उधमसिंग तेथेच पकडले गेले.

पोलिसांना त्यांनी आपले नाव मोहम्मदसिंग आझाद असे सांगितले. लोकांच्या तोंडी आज राममोहम्मदसिंग आझाद हे रूप रुळले आहे. मूळ जबाबात राम नाही. तो पुढच्या आठवणीने जोडला, जेणेकरून पंजाबचे तिन्ही मोठे समाज एका नावात सामावले जावेत. ही भर चुकीची असली तरी मूळ नावाच्या आशयाशी विसंगत नाही. बागेत जे मेले त्यांत हिंदू, मुसलमान आणि शीख तिघेही होते, आणि या एकोप्याचीच तेव्हाच्या सरकारला धास्ती होती.

भारतात या घटनेचे स्वागत एकमुखाने झाले नाही. गांधींनी या कृत्याचा निषेध केला, जवाहरलाल नेहरूंनी आपल्या वृत्तपत्रातून खेद व्यक्त केला. युद्धाचे दिवस होते. सामान्य जनतेत, विशेषतः पंजाबात, वेगळीच भावना होती, परंतु ती छापील स्वरूपात फारशी येऊ शकत नव्हती.

खटला जूनच्या प्रारंभी ओल्ड बेली न्यायालयात न्यायमूर्ती अ‍ॅटकिन्सन यांच्यासमोर चालला आणि दोन दिवसांत संपला. बचावपक्षाच्या वकिलांत व्ही. के. कृष्ण मेनन होते. तुरुंगात उधमसिंगांनी 42 दिवस अन्नत्याग केला होता आणि त्यांना बळजबरीने अन्न देण्यात आले होते. ठार मारण्याचा हेतू नव्हता, केवळ निषेध नोंदवायचा होता, असे बचावपक्षाचे म्हणणे होते, आणि खुद्द आरोपीनेही साक्षीत तशाच आशयाची मांडणी केली. ती टिकली नाही. दोषी ठरल्यावर, शिक्षा सुनावण्यापूर्वी त्यांनी ब्रिटिश राजवटीवर कठोर टीका करणारे भाषण केले. न्यायमूर्तींनी ते प्रसिद्ध करण्यास वृत्तपत्रांना मनाई केली. परिणामी ज्या निवेदनासाठी त्यांनी मरण पत्करले असे म्हणता येईल, ते 56 वर्षे सरकारी दप्तरात बंद राहिले; 1996 मध्ये ते खुले झाले. तोवर त्यांच्याविषयीच्या पोवाडेवजा गीतांनी, नाटकांनी आणि कॅलेंडरवरील चित्रांनी त्यांच्या तोंडी आपापली भाषणे घातलेली होती.

तुरुंगातून त्यांनी पाठवलेल्या पत्रांत मृत्यूविषयी भय दिसत नाही. पुस्तके मागवताना त्यांना वारिस शाहची हीर हवी होती. क्रांतिकारकाने शेवटच्या दिवसांत प्रेमकथा मागावी, हे चरित्रकारांना थोडे अडचणीचे वाटत असावे. पंजाबी वाचकाला त्याचे नवल वाटणार नाही. 31 जुलै 1940 रोजी पेंटनविल तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. ब्रिटिश प्रथेप्रमाणे शव तुरुंगाच्या आवारातच पुरण्यात आले, ना खूण, ना नाव.

याच तुरुंगात 1909 मध्ये मदनलाल धिंग्रा यांना फाशी झाली होती, आणि तेही तेथेच पुरले गेले होते. उधमसिंगांचे अवशेष शोधताना धिंग्रांच्या शवपेटिकेचा ठावठिकाणा लागला. 1976 च्या डिसेंबरात तीही भारतात आणण्यात आली. अकोल्यातील एका मुख्य चौकाला धिंग्रांचे नाव आहे. अमृतसरच्या या तरुणाचे स्मरण विदर्भातल्या एका गजबजलेल्या शहरात दररोज हजारो प्रवाशांच्या तोंडी येते, ते या घटनाक्रमाच्या अखेरीस.

उधमसिंगांचे अवशेष परत आणण्यासाठी पंजाबातील आमदार साधुसिंग थिंद यांनी पाठपुरावा केला होता. सुनामला अग्निसंस्कार झाल्यावर अस्थी सतलजमध्ये विसर्जित करण्यात आल्या. याच नदीच्या काठी हुसैनीवाला येथे भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांचे स्मारक आहे. काही अस्थी एका बंद कलशात जालियनवाला बागेत ठेवण्यात आल्या. त्यामुळे जो माणूस 1919 च्या त्या सायंकाळी बागेत होता की नाही याचा वाद मिटत नाही, तो आता कायमचा बागेत आहे.

बागेला एव्हाना स्मारकाचे रूप आले होते. 1951 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि अमेरिकी वास्तुरचनाकार बेंजामिन पोक यांनी तांबड्या दगडातील ज्योतिस्तंभाचा आराखडा केला. 13 एप्रिल 1961 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पण बागेत येणारे लोक स्तंभासमोर फार रेंगाळत नाहीत. ते भिंतीवरील गोळ्यांच्या खुणांपाशी थांबतात, विहिरीत डोकावतात. 2021 मध्ये नूतनीकरणानंतर परिसर पुन्हा खुला झाला, तेव्हा डायर ज्या अरुंद बोळातून आत आला त्याच्या भिंतींवर माणसांची शिल्पे बसवलेली होती. अनेक इतिहासकारांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. त्या बोळाची ओकीबोकी, दबलेली जागा हाच पुरावा होता आणि तो सजवल्याने पुसला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारची भूमिका अर्थातच वेगळी होती. वाद दगडविटांचा दिसत असला, तरी मुळात तो पुरावा आणि श्रद्धांजली यांतील आहे, आणि उधमसिंगांच्या चरित्राबाबतही नेमका तोच वाद आहे.

त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या खुणा अनेक आहेत. सुनामचे अधिकृत नाव सुनाम उधमसिंगवाला झाले. 1995 मध्ये नैनिताल जिल्ह्यातून निघालेल्या तराईतील नव्या जिल्ह्याला, आताच्या उत्तराखंडातील, उधमसिंगनगर हे नाव मिळाले. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेली पंजाबी कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने वसलेली आहेत. कंबोज समाज त्यांना आपला भूषणपुरुष मानतो. 2018 मध्ये, ओडवायर यांच्या हत्येच्या तारखेलाच, जालियनवाला बागेच्या प्रवेशद्वाराशी त्यांचा पुतळा बसवण्यात आला. तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी त्याचे अनावरण केले. पुतळ्याच्या हातात शस्त्र नाही. रक्ताने भिजलेली माती असलेली मूठ आहे. ज्या प्रसंगाला कागदोपत्री निर्णायक आधार नाही, तोच धातूत कायम झाला.

ब्रिटनकडून औपचारिक माफी आलेली नाही. 1997 मध्ये राणी एलिझाबेथ आणि 2013 मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी बागेला भेट दिली. हत्याकांडाच्या शताब्दीच्या वर्षी पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही. त्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी बागेत जमिनीवर दंडवत घातले. आपण ब्रिटिश सरकारच्या वतीने बोलत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. मृतांची सर्वमान्य यादीही झालेली नाही. सरकारी चौकशीतील संख्या वेगळी, जिल्हाधिकारी कार्यालयातील यादी वेगळी, बागेतील यादी वेगळी. आपल्या पणजोबांचे नाव त्यांत घ्यावे म्हणून कुटुंबांचे अर्ज नंतरही येत राहिले.

उधमसिंगांचे रिव्हॉल्व्हर, चाकू, रोजनिशी आणि त्या दिवशी झाडलेली एक गोळी मात्र लंडनमध्येच आहे. स्कॉटलंड यार्डच्या गुन्हे संग्रहालयात, इतर खुन्यांच्या वस्तूंबरोबर, त्या ठेवलेल्या आहेत. त्या परत मिळाव्यात, अशी मागणी पंजाबातून वेळोवेळी झाली आहे.